माय भेटून गेली

मोहाडी, रविवार, १७ जानेवारी १९८८

पस्तीस वर्षांपूर्वी अशाच थंडीत सत्यभामा आणि मी गल्लीत उन्हाला बसलो होतो. तिच्या सासऱ्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोशाच्या रेशमी सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरून त्याला खळ लावली होती, आणि ती वाळेपर्यंत कुत्री-शेळ्या हाकलायचं काम आम्हा दोघींकडे होतं. ताण्याखाली रेघारेघांची सावली पडते. त्या सावलीत तिची शांता आणि माझी कुसुम एकाच गोधडीवर झोपल्या होत्या. सत्यभामा हरभऱ्याचे घाटे सोलत होती; एक दाणा आपल्या तोंडात, एक माझ्या. मधूनच माझ्या बोलण्याची नक्कल करायची, "सत्यभामा, कृपा करून मला पाणी देशील का?" मी कामठीच्या कॉन्व्हेंटात शिकून आलेली, तशीच बोलत असे. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नाही. मला मात्र तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो.

आज तिच्या दारापुढे पुन्हा ताणा पसरलेला होता. आता खळ तिचा मुलगा इश्वर लावतो. त्याची बायको विजयमाला पोरीला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. ममताला पुढच्या महिन्यात नऊ महिने पूर्ण होतील. बसता येतं, माझ्या बांगड्या ओढता येतात, आणि आजी सोडून कुणाकडेही हसत जाते.

दवाखान्यातल्या सुलोचनाबाई नर्स सांगून गेल्या की आता गोवराचीही सुई आली आहे. नऊ महिन्यांपुढच्या लेकरांना द्यायची, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, शाळेच्या व्हरांड्यात. विजयमाला नववीपर्यंत शिकलेली आहे. तिने विचारलं, देवी काढल्या की देवी येत नसत, तसंच का हे, काकू? मी म्हटलं, तसंच. माझ्या दंडावरचे वण तिला दाखवले. सिस्टर अगाथांनी आम्हाला रांगेत उभं करून टोचवून घेतलं होतं. जी रडणार नाही तिला एक गोड गोळी. मी रडले, तरी मला दोन दिल्या.

कुसुम गोवराने गेली. १९५३ च्या फाल्गुनात. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, विजयमालालाही. म्हणूनच बहुधा ती माझ्याकडे आली. विजयमाला परतल्यावर दिवसभर मनात एकच होतं, या पोरीला सुई मिळाली पाहिजे. कुणाशी तरी बोलावं म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा दैनंदिनी लिहायला बसले आहे.

सोमवार, २५ जानेवारी

सत्यभामेकडे जाऊन आले. काही उपयोग झाला नाही.

ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. मी विषय काढला तशी तिने शांताच्या पवनीच्या सासरची गोष्ट सुरू केली, मग तांदळाच्या कण्यांची, मग माझ्या गुडघ्याची. मी पुन्हा सुईवर आले. ती म्हणाली, गोवर म्हणजे माय आहे, माय घरी येते, राहते, मान घेते आणि जाते. तिला सुई चालत नाही. मी म्हटलं, देवीची सुई तू स्वतः घेतलीस, इश्वरला दिलीस. त्यावर म्हणाली, "देवीची गोष्ट अलग. तिले सरकारनंच बंद केलं." आणि स्वतःच हसली.

उठताना मात्र तिने माझा हात धरला. "तू याच्यात नको पडू वं सुमित्रा. तू तरी नको पडू."

मला राग आला. 'तू तरी' म्हणजे काय? शिकलेली बाई असून अडाण्यांच्या गल्लीत ढवळाढवळ करते, असंच ना? यांना सांगितलं, तर यांनी रेडिओचा आवाज वाढवला. यांचं असंच आहे; गल्लीतल्या मागांना सूत द्यायचं आणि विणलेली लुगडी विकायची, एवढंच यांचं जग. सुताचे भाव सोडून दुसऱ्या कशावर बोलायचं म्हटलं की बातम्या लागतात.

बुधवार, १० फेब्रुवारी

झालं.

विजयमालाने घरी सांगितलं की पोरीचा खोकला दाखवून आणते. खोकला होताही थोडा. हे मला आवडलं नाही, आणि मी थांबवलंही नाही. इश्वरला ठाऊक होतं. तो मान खाली घालून माग चालवत राहिला.

शाळेच्या व्हरांड्यात आमच्या गल्लीतून आम्ही दोघीच. सुलोचनाबाईंनी बर्फाच्या डब्यातून इवलीशी कुपी काढली. ममता सुई टोचल्यावर क्षणभर गप्प राहिली आणि मग माझ्याकडे बघून रडली, जणू मीच टोचलं. मी तिला घट्ट धरलं होतं. तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. लहान मुलांच्या डोक्याला तो वास येतो हे मी विसरून गेले होते.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

इश्वरचा माग आज सकाळपासून बंद आहे. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आहे.

आमच्याकडे कुणाच्या घरी माय आली की माग थांबवतात. फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. माग वाजला नाही आणि दारात लिंब दिसला की गल्ली आपली लेकरं त्या घरी पाठवत नाही.

ममताला काल रात्रीपासून ताप आहे, आणि आज कानामागे, गळ्यावर लालसर पुरळ आलं आहे. विजयमालाने भीतीने सगळं कबूल केलं. सत्यभामा तिला एका शब्दानेही बोलली नाही म्हणे.

मला आत घेतलं नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

सकाळी सुलोचनाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, काही लेकरांना सुईनंतर आठ-दहा दिवसांनी असा ताप आणि फिकं पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं. दुसऱ्याला लागत नाही. घाबरू नका.

मी हेच सत्यभामेला सांगायला गेले. ती दारातच बसली होती, लिंबाच्या डहाळ्याखाली. मी सांगितलेलं तिने सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात बोलली. तिचे शब्द तसेच लिहिते, नाहीतर उद्या मी ते बदलून आठवीन.

"तुह्या कुसुमले भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सुई देल्ली, अन् सांजेले ते गेली. माह्या शांताले कोणं हात नाई लावला, ते वाचली. एकाच गोधडीवर झोपत होत्या दोघी. पस्तीस साल मी हे तोंडातून काढलं नाई, सुमित्रा. तुले कायले सांगू? पण आता माह्या घरात तेच होऊन राहिलं."

मी उठून घरी आले.

कुसुमच्या अंगावरचं पुरळ मावळू लागलं होतं. पाचव्या दिवशी तिला श्वास लागला, छाती उडायला लागली, तेव्हा हे भंडाऱ्याहून टांग्यातून डॉक्टरांना घेऊन आले. पेनिसिलिन दिलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया झाला आहे, उशीर झाला. सुई आणि मरण यांची गाठ कुणी अशी बांधेल हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. कुसुम गेल्यावर सत्यभामा माझ्याकडे कमी येऊ लागली. मी समजत होते, तिची वाचली म्हणून तिला माझ्यासमोर संकोच वाटतो. ती बिचारी माझ्यापासून हे लपवत होती.

आणि आज दुपारी मला पहिल्यांदाच वाटलं, तिचं खरं असेल तर?

नाही, ते खरं नाही. मला माहीत आहे ते खरं नाही. तरी दोनदा लिहावं लागलं.

संध्याकाळी यांनी विचारलं, "इश्वरचा माग लागला का?" मी फटकन म्हटलं, लेकरू तापाने फणफणतंय आणि तुम्हाला लुगड्यांची पडली आहे. हे उठून बाहेर गेले. समोर इश्वरच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. काय पाहत होते कोण जाणे.

सोमवार, २२ फेब्रुवारी

पुरळ मावळलं. ताप नाही. विजयमाला खिडकीतून हाताने खूण करून गेली की दूध प्यायली.

यांनी आज तीनदा विचारलं, माग लागला का. लग्नसराईच्या लुगड्यांची एवढी काळजी मी यांना याआधी करताना पाहिलं नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

सत्यभामेने मायची पाठवणी केली. लिंबाच्या पाण्याने ममताला न्हाऊ घातलं, माता मंदिरात दहीभाताचा थंड नैवेद्य, खण, नारळ. दुपारी माग वाजायला लागला. हे जेवता जेवता थांबले आणि मग भात मागून घेतला.

गल्लीत मात्र वाईट झालं आहे. सुईने माय बोलावून आणली, असं जो तो म्हणतो. चिंधू विणकराने माझ्या तोंडावर सांगितलं, काकू, तुमचं सगळं मानीन, हे नाही.

बुधवार, ९ मार्च

आज सुलोचनाबाई सकाळपासून दुपारपर्यंत व्हरांड्यात बसल्या. आमच्या गल्लीतून कुणीही आलं नाही. त्यांनी डबा बंद केला, मला नमस्कार केला आणि सायकलवर बसून गेल्या.

एका लेकराला सुई देऊन मी बाकीच्यांची वाट बंद केली का? विजयमालाने खोटं बोलून पोरीला आणलं नसतं, मी सत्यभामेला आणखी दोन महिने समजावलं असतं, तर कदाचित तीच सगळ्यांना घेऊन आली असती. कदाचित कधीच आली नसती. मला कळत नाही.

बुधवार, १६ मार्च

तेजरामच्या भोलूला गोवर आला आहे. खरा गोवर. डोळे सुजून लाल, नाक वाहतं, अंग काळपट लाल, आवाज बसलेला. तेजरामचं घर इश्वरच्या घरापासून तिसरं.

होळीला तेजरामकडे आंधळगावचे पाहुणे होते, त्यांच्यातलं एक लेकरू आजारी होतं म्हणे. भोलू चार-पाच दिवस तापलेला होता. पण तेजरामच्या मागावर लग्नाचं करवतीकाठी लुगडं अर्धं विणलेलं, आणि ते आठवड्यात द्यायचं होतं. लिंब लावला असता तर माग थांबवावा लागला असता. म्हणून लिंब लावला नाही, माग चालू ठेवला. गल्लीने मागाचा आवाज ऐकला आणि समजली, घर ठीक आहे.

ममता रोज दुपारी त्यांच्याकडे असते. तेजरामची बायको ललिता तिला आपल्या तीन महिन्यांच्या तान्हीशेजारी बसवते आणि भोलूच्याच वाटीतून पेज भरवते. कालही भरवली.

हे ऐकल्यावर मी दारात उभ्या सत्यभामेकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिने पोरीला उचललं आणि दार लावून घेतलं.

सोमवार, २१ मार्च

भोलू गेला. दोन वर्षांचा होता.

परवा श्वास लागला. सुलोचनाबाई स्वतः येऊन म्हणाल्या, भंडाऱ्याला न्या, आजच न्या. तेजरामची आई म्हणाली, माय घरात असताना लेकराला उंबरा ओलांडू देत नाहीत. काल रात्री तेजरामने कुणाचं न ऐकता त्याला उचललं. भंडाऱ्याला पोचले, पण उशीर झाला होता.

ललिता रडत नाही. मागासमोर बसली आहे. मागावर ते लुगडं आहे, वीतभर राहिलेलं. मी तिच्याजवळ बसले. पस्तीस वर्षांपूर्वी बायका माझ्याजवळ बसून खूप बोलल्या होत्या. त्यांतला एकही शब्द आठवत नाही. कुणीतरी माझी वेणी सोडून केस विंचरले होते, तेवढं आठवतं. मी ललिताचे केस विंचरले.

शुक्रवार, २५ मार्च

चिंधूच्या नातवाला आला. गोमाजींच्या घरी दोघांना. गल्लीतले निम्मे माग बंद आहेत. इतकी शांतता या गल्लीत मी ऐकली नाही.

सुलोचनाबाई म्हणतात, लागण झाली असेल तर दहा-बारा दिवसांत कळतं. ममता त्याच वाटीतून जेवली होती. मी दर सकाळी उठून पहिल्यांदा इश्वरच्या दाराकडे पाहते. सुईवर माझा विश्वास आहे. तरी पाहते.

हेही पाहतात. म्हणतात, माग चालू आहे, बरं आहे.

मंगळवार, ५ एप्रिल

ममताला काही झालं नाही.

ताप नाही, नाक वाहत नाही, पुरळ नाही. काल ती भिंत धरून उभी राहिली. चिंधूचा नातू बरा झाला, पण त्याचा कान वाहतो. गोमाजींची दोन्ही उठून बसली आहेत, हाडाची काडं होऊन.

आज दुपारी सत्यभामा माझ्या ओट्यावर आली. किती वर्षांनी आली ते आठवत नाही. सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, मी विचार करून राहिली होती. भोलूच्या वाटीतून खाल्लं, त्याच्या अंगावर लोळली, तरी मायनं हिच्याकडे पाहिलं नाही. काहून?



"माय हिले पहिलेच भेटून गेली होती. सुईतून आली होती, लहानशी. मीच तिले न्हाऊ घातलं, खण-नारळ देल्ला, पाठवणी केली. एकदा मान घेऊन गेलेली माय त्या लेकराकडे परत येत नाई. शांताकडे आली का कधी परत?"

मी सांगायला सुरुवात केली की सुईत गोवराचेच जंतू असतात, दुबळे केलेले, आणि शरीर त्यांना ओळखून ठेवतं. सत्यभामेने अडकित्ता खाली ठेवला.

"मंग मी दुसरं काय सांगून राहिली वं? तुह्या सिस्टरनं जंतू म्हटलं, मी माय म्हणतो."

खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं नाही. सिस्टर अगाथा असत्या तर त्यांनी काय म्हटलं असतं, याचा विचार करत बसले. त्या हसल्या असत्या आणि मग प्रार्थना केली असती.

जाताना तिने कुसुमचा विषय काढला. म्हणाली, त्या सुईतून माय आली नव्हती ना? मी म्हटलं, नाही. ती सुई वेगळी होती. माय आधीच येऊन बसली होती, सुई मागून आली, फार मागून. ती उठली, पण पायऱ्या उतरेना. तशीच खांबाला धरून उभी राहिली. मी बसल्या जागीच होते. आम्ही दोघी कुसुमसाठी एकत्र रडलो नव्हतो कधी; आज रडलो.

रविवार, १० एप्रिल

सत्यभामा घरोघर फिरते आहे. मी तिच्या मागून. तिचं एकच सांगणं असतं, माय येणारच आहे, तर लहान होऊन येऊ द्या, मोठी होऊन येऊ देऊ नका. सुईनंतर अंगावर काही उमटलं तर घाबरायचं नाही, लिंबाचं पाणी घालायचं आणि पाठवणी करायची. चिंधू म्हणाला, काकूंनी सांगितलं ते कळलं नव्हतं, आता कळलं. मी हसले. थोडं लागलंही मनाला.

सुलोचनाबाईंना मी आधीच सांगून ठेवलं आहे की त्यांच्या कानावर काय काय येईल. त्या म्हणाल्या, दंड पुढे आला की झालं.

बुधवार, १३ एप्रिल

व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. सत्यभामा दाराशी बसून सुई घेतलेल्या प्रत्येक लेकराच्या हातात मागावरच्या उरल्या कोशाची चिंधी देत होती, मायचा खण म्हणून. पोरं रडत रडत चिंध्या धरून घरी गेली.

तेजरामकडून कुणी आलं नाही. त्यांची तान्ही अजून लहान आहे. सुलोचनाबाई म्हणाल्या, आईकडून मिळालेलं बळ इतक्या लहान बाळांना काही महिने पुरतं, म्हणून तीही भोलूजवळ राहून वाचली. पण ते सरतं.

रविवार, २४ एप्रिल

मंगळवारी नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी महिनाभर लिहायला-वाचायला आणि उन्हात जायला मना केलं आहे. मेच्या बुधवारी मी इथे नसेन. म्हणून हे पान विजयमालासाठी लिहिते. विजया, हे फाडून तुझ्याजवळ ठेव.

चिंधूच्या नातवाला गोवराची नको, त्याला येऊन गेला. पण ट्रिपलची तिसरी सुई राहिली आहे, ती द्यायची, आणि पोलिओचे थेंब. त्याचा वाहता कान सुलोचनाबाईंना दाखव, सांगितल्याशिवाय चिंधू दाखवणार नाही.

गोमाजींच्या सुनेला सातवा लागला आहे. तिला धनुर्वाताची दुसरी. ती म्हणेल, आता काय गरज. गरज आहे म्हणून सांग.

श्यामरावांची नात आजोळी होती, ती आली असेल. तिला गोवराची. तिची आई घाबरते, तिच्यासमोर पहिली सुई दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्यायला लाव.

ममताला यावेळी काही नाही. तरी घेऊन जा. तिला पाहून बाकीच्या येतात.

तुझ्या सासूबाईंना चिंध्या वाटू दे. त्यांच्यासाठी दाराजवळ सावलीत पाट टाक आणि पाण्याचा तांब्या ठेव.

माझ्या पेटीतली मऊ सुती लुगडी ललिताच्या तान्हीच्या दुपट्यांसाठी. आजच नेऊन दे, कुणाकडून आली ते सांगायची गरज नाही.

आमच्या घरी दोन वेळचा भात यांना पोचव. हे तुझ्या दारावरून फेऱ्या मारतील, लुगड्यांचं विचारतील. उत्तर देत जा, म्हातारपणी धंद्याची चिंता वाढली आहे त्यांची.

ललिताच्या तान्हीला गोवराची सुई पोळ्याच्या सुमारास. तेव्हा तिला नऊ महिने होतील. त्या बुधवारी मी असेन असं धरून चालले आहे. नसले तर सुई सुलोचनाबाई देतील, चिंधी सत्यभामा देईल. तू ललिताबरोबर रांगेत उभी राहा, आणि तिची पाळी येईपर्यंत पोरीला तिच्याच हातात राहू दे.